आधी अंगणात घर आखा

वाचकाचं पत्र, थोडक्यात

साताऱ्याहून एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांचं वय ६१, यजमान ६६ वर्षांचे, हायस्कुलातून निवृत्त झालेले शिक्षक. पेठेतलं सासरचं जुनं घर : खाली चार खोल्या, वर माडी, मागे अंगण. दिरांशी बोलून, सगळ्यांच्या संमतीनं ते विकलं. वाट्याला आलेल्या पैशांत फंडाची रक्कम घालून पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, लेकीच्या घराजवळ, वन बीएचके घेतला. करारनाम्यात कार्पेट (घराच्या आतलं क्षेत्रफळ) ३८.०९ चौरस मीटर, म्हणजे ४१० चौरस फूट. किल्ल्या मिळाल्या आहेत. जुनं घर तीन महिन्यांत, गौरी-गणपतीच्या आधी, रिकामं करून द्यायचं आहे.

यजमान म्हणतात, "सगळं बसेल, माळे करून घेऊ." कॅनडातला मुलगा म्हणतो, "सगळं देऊन टाका, नवीन घ्या." ताईंनी आजवर पाच याद्या केल्या आणि पाचही फाडल्या. सासूबाईंची तांब्यापितळेची भांडी आहेत, शिसवी पलंग आहे, झोपाळा आहे, सरांची हजार-बाराशे पुस्तकं आहेत. शिवाय घरात उभ्या गौरी. जेवायला पंचवीस-तीस पानं. "त्या खुराड्यात हे कसं मावायचं? आणि टाकलं तर सासूबाईंना काय वाटेल?" असं त्या विचारतात. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : "खरं सांगू, मला लहान घर हवंच होतं. पण हे बोलून दाखवायची सोय नाही."

प्रिय ताई,

तुमची शेवटची ओळ कागदाच्या कडेला, बारीक अक्षरात आहे. बाकीचं पत्र लिहून झाल्यावर, पाकीट बंद करता करता लिहिल्यासारखी. मला मात्र तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटली, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तुम्हाला लहान घर हवं होतं, यात लपवण्यासारखं काय आहे? माडीचा जिना झाडायचा, पावसाळ्याआधी कौलं चाळून घ्यायची, दिवाळीच्या आधी पंधरा दिवस फळ्यांवरची भांडी उतरवून चिंचेनं घासायची आणि पुन्हा चढवायची. सदतीस वर्षं हे तुम्ही केलंत. आलागेला, श्राद्धपक्ष, दिरांची मुलं सुट्टीला, सगळं त्या घरानं सामावून घेतलं असं आपण म्हणतो. पण त्या घराच्या वतीनं सामावून घेणाऱ्या तुम्ही होतात. आता गुडघे बोलायला लागल्यावर चार पावलांत स्वयंपाकघर आणि दहा पावलांत देवघर असं घर हवंसं वाटलं, तर त्यात सासरचा अपमान नाही. सासूबाईंनाही जिना चढवेनासा झाला तेव्हा त्यांनी आपलं अंथरूण माजघरात आणलंच होतं, हे तुम्हीच पत्रात लिहिलंय.

आणखी एक विचारते. ज्या घराची तुम्ही मनातून वाट पाहताय, त्यालाच तुम्ही पत्रात दोनदा खुराडं म्हटलंय. हा शब्द तुमचा आहे की घरात कुणाच्या तोंडून येतो? मोठं घर विकून लहान घेतलं म्हणजे माणूस उतरला, असं आपल्याकडे सहज बोललं जातं. तुम्ही कर्ज काढलं नाही, भावाभावांत कोर्टकचेरी झाली नाही, म्हातारपणी लेकीच्या हाकेच्या अंतरावर स्वतःच्या मालकीचं छप्पर घेतलंत. याला उतरणं म्हणत नाहीत. निदान आपल्या तोंडून तरी तो शब्द काढू नका. ज्या घराला आपणच खुराडं म्हणतो, तिथे न्यायची प्रत्येक वस्तू आपल्याला अडचण वाटते आणि न नेलेली प्रत्येक वस्तू बळी गेल्यासारखी वाटते. याद्या त्यामुळेच फाटतात.

याद्या फाटण्याचं दुसरं कारणही आहे. तुम्ही वस्तूंपासून सुरुवात केलीत. घंगाळ न्यायचं की नाही, असा प्रश्न पडला की घंगाळाबरोबर पहिल्या दिवाळसणाचं अभ्यंगस्नान येतं, उटणं लावणाऱ्या सासूबाई येतात. असं चारशे वेळा करायचं, तेही एकटीनं, कुणाला जमेल? आपण उलटीकडून जाऊ. त्या नव्या घरात तुमचा दिवस कसा जाणार, हे आधी ठरवायचं. त्या दिवसाला काय लागतं ते बरोबर न्यायचं. उरलेल्या वस्तूंचा विचार नंतर, सावकाश.

त्यासाठी पहिलं काम सरांना द्या. शाळेत क्रीडा महोत्सवाला त्यांनी चुन्याची फक्की मारून कबड्डीची मैदानं आखली असतीलच. आता मागच्या अंगणात नवं घर आखायला सांगा, अगदी खऱ्या मापाचं. पण त्याआधी दोघांनी पुण्याला जाऊन टेपनं प्रत्येक खोली मोजून या. करारनाम्यातल्या आकड्यावर विसंबू नका. रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांसाठीच्या कायद्यानुसार कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडीही धरतात, बाल्कनी मात्र त्यात येत नाही. म्हणजे प्रत्यक्ष पाय ठेवायची जागा ४१० फुटांहून थोडी कमीच भरते. दारं कुठल्या बाजूला उघडतात, खिडकीची कड जमिनीपासून किती उंच आहे, प्लगचे पॉइंट कुठे आहेत, हेही वहीत उतरवून घ्या. आणि लिफ्टच्या दाराची रुंदी, जिन्याच्या वळणाची रुंदी विसरू नका. शिसवी पलंगाचं भवितव्य बहुधा तिथेच ठरेल.

अंगणात घर आखून झालं की त्यात खरोखर वावरून बघा. तुम्ही कळवलेल्या मापांप्रमाणे बेडरूम दहा बाय अकरा आहे. तुमचा डबलबेडाएवढा पलंग सहा बाय साडेसहा. तो मध्ये ठेवला तर दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट उरतात, तिथे कपाट ठेवायची सोय नाही. भिंतीला लावला तर कपाट बसेल. मग भिंतीकडे झोपणाऱ्याला रात्री दोनदा उठताना दुसऱ्याला ओलांडून जावं लागेल. साठीनंतर हे रोजचं आहे. त्याऐवजी तीन-तीन फुटी दोन खाटा समोरासमोरच्या भिंतींना लावल्या तर मध्ये चार फूट मोकळी वाट राहते. पायथ्याशी साडेचार फूट उरतात. तिथे दीड-पावणेदोन फूट खोलीचं लोखंडी कपाट उभं राहून त्याचं दारही उघडतं. हे मी कागदावर सांगते आहे. तुम्ही दोघं फक्कीच्या रेघांमध्ये दोन सतरंज्या अंथरून आडवे व्हा, म्हणजे सरांना "सगळं बसेल" हे वाक्य तपासून पाहता येईल. तुम्ही नाही म्हटलं तर तो वाद होतो. जमिनीवर रेघ दिसली की माणूस आपणहून मागे सरतो.

दुसरं काम : सामान हलवण्याआधी आठ दिवस त्या रिकाम्या घरात राहून या. तीन महिने आहेत, तेवढी सवड नक्की आहे. जाऊबाई म्हणाल्या की आषाढात बिऱ्हाड हलवू नये, तर त्यांचाही मान राहील : चांगला दिवस बघून कलश ठेवा, शेगडीवर दूध उतू घाला, आणि मुक्काम करा. सामान मागाहून जाईल. बरोबर दोन गाद्या, दोन ताटं, एक कुकर, कढई, तवा, पोळपाट-लाटणं, चार डबे, देवांतला बाळकृष्ण आणि समई. एवढंच. आठ दिवसांत कळेल की ऊन कुठल्या खिडकीतून किती वाजता येतं, पाण्याची वेळ काय, समोरच्या रस्त्याचा आवाज किती, सर पेपर घेऊन कुठे बसतात. कुठली वस्तू नव्हती म्हणून हात अडला ते रोज रात्री लिहून ठेवा. ही तुमची सहावी यादी; ती फाडावी लागणार नाही. आठव्या दिवशी ती बघाल तेव्हा फार तर तीस-चाळीस ओळी असतील, असा माझा अंदाज आहे.

आता सरांविषयी. "यांना काहीच सोडवत नाही," असं तुम्ही लिहिलंय. पण थोडं थांबून बघा, त्यांचं नेमकं काय सुटतंय? तुमचं स्वयंपाकघर तुमच्याबरोबर पुण्याला येतंय. लेक तिथे आहे, नात आहे. सरांची संध्याकाळ मात्र साताऱ्यातच राहणार. 'चार भिंती' या टेकडीवरच्या स्मारकापर्यंतची चढण, वाटेत भेटणारे जुने विद्यार्थी, "सर, ओळखलंत का?" म्हणून पायाला हात लावणारा कुणी बँकेतला साहेब. ते टेम्पोत घालून नेता येत नाही. मग माणूस नट-बोल्टांचे डबे, जुन्या कॅटलॉगांचे गठ्ठे, बंद पडलेला रेडिओ धरून बसतो. त्या डब्यावरून वाद घालू नका. त्यांना विचारा, पुण्याला संध्याकाळी पाच वाजता तुम्ही काय करणार? सोसायटीतल्या मुलांना गणित शिकवणार का, लेकीच्या घरापर्यंत चालत जाणार का, जवळ वाचनालय कुठे आहे? आठ दिवसांच्या मुक्कामात हे शोधायचं काम त्यांचं. पाच वाजताची सोय झाली की डबे आपोआप हलके होतात. आणि एक कपाट, पूर्ण एक कपाट, फक्त त्यांचं असू द्या. त्यात काय आहे हे कुणी विचारायचं नाही, आवरायचं नाही. ४१० फुटांतले पाच फूट त्यासाठी गेले तरी चालतील.

पुस्तकांचा हिशेब मात्र स्वच्छ मांडता येतो. फळीच्या एका फुटात साधारण बारा-तेरा पुस्तकं बसतात. बाराशे पुस्तकांना शंभर फूट फळी हवी. तीन फूट रुंद, सहा खणांच्या मांडणीत अठरा फूट मिळतात, म्हणजे सव्वादोनशे पुस्तकं. हॉलमध्ये अशा दोन मांडण्या बसतील, तिसरी नाही. तेव्हा साडेचारशे पुस्तकं सरांनी निवडायची, त्यांनीच, आणि घाईनं नाही. उरलेल्यांची यादी करून साताऱ्याच्या नगरवाचनालयात किंवा त्यांच्याच शाळेत आधी दाखवा, नेऊन टाकू नका. वाचनालयांकडेही जागेची ओढाताण असते. जुनी क्रमिक पुस्तकं, गाइडं, वाळवी लागलेले अंक ते घेणार नाहीत, ते रद्दीतच जातील. पण माडीवरच्या ट्रंकेत मोडी लिपीतले कागद, जुनी पत्रं, जमाखर्चाच्या वह्या निघाल्या तर एकही कागद रद्दीवाल्याला देऊ नका. पुण्यात १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ असे जुने कागद जपण्याचं, वाचण्याचं काम करतं आहे. आधी तिथल्या जाणकारांना दाखवा. साताऱ्याच्या जुन्या पेठेतल्या घरात काय निघेल याचा नेम नाही.

आता भांडी. इथे मला थोडं माझं सांगायचं आहे.

वडील गेल्यावर आईला आम्ही आमच्याजवळ आणलं. तिचं घर आम्ही भावंडांनी चार दिवसांत रिकामं केलं, आणि लवकर उरकलं म्हणून समाधान मानलं. त्यात तिची विळी देऊन टाकली. हात कापेल, खाली बसवत नाही, असा विचार. तिला छानसा चॉपिंग बोर्ड आणि धारदार सुरी आणली. आई सुरीनं कांदा चिरायची, पण पालेभाजी निवडून झाली की जुडी हातात धरून क्षणभर तशीच थांबायची. महिन्याभरात तिनं चिरणं सोडून दिलं. मग निवडणंही. चार-पाच महिन्यांनी एकदा सहज म्हणाली, "माझी विळी कुणाला दिलीत गं?" रागावली नव्हती. तिला खरंच फक्त कुणाकडे आहे ते हवं होतं, आणि आम्हा तिघांपैकी कुणालाही ते सांगता आलं नाही. घरात शिसवी कपाट आणलं होतं, तिचा चांदीचा करंडा आणला होता. जिच्यामुळे तिचा दिवस सुरू व्हायचा ती दीड किलोची विळी तेवढी राहिली.

म्हणून सांगते, किंमत आणि जुनेपण बघून निवडू नका. हाताला विचारा. ज्या वस्तूवर तुमचा किंवा सरांचा हात रोज जातो ती आधी बाजूला काढा, मग ती दांडा हललेली सांडशी का असेना.

सासूबाईंच्या भांड्यांसाठी एक उपाय सुचतो. ती सगळी अंगणात ओळीनं मांडा आणि काठावर, बुडाशी बघा. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची रीत होती. टिंबाटिंबांची अक्षरं असतील : कुणाच्या मुंजीचा तांब्या, कुणाच्या लग्नातली परात, आत्यांनी मावशींना दिलेली पंचपात्री, खाली तारीख. पुसून, चष्मा लावून, ती नावं वहीत लिहून काढा. त्यातली निम्मी नावं दिरांच्या, नणंदांच्या, चुलतभावंडांच्या घरची निघतील. एखाद्या रविवारी सगळ्यांना बोलवा. जुन्या घरातलं शेवटचं पान वाढा, आणि ज्याच्या आईचं, आजीचं नाव ज्या भांड्यावर आहे ते त्याच्या हाती द्या. सासूबाईंना काय वाटेल म्हणून विचारता ना? त्यांच्या नणंदेचा गडू त्यांच्या नणंदेच्या नातवाकडे गेला, यात त्यांना वाईट वाटण्यासारखं मला तरी काही दिसत नाही. तुमच्या घरी मात्र तीनच नावांची भांडी ठेवा : सासूबाईंचं, तुमच्या आईचं, तुमचं स्वतःचं. तांब्याची कळशी प्यायच्या पाण्याला रोज वापरता येईल, पितळेचं एक पातेलं कल्हई करून सणासुदीच्या स्वयंपाकाला. कल्हईवाला आता दारावर क्वचितच येतो, तेव्हा साताऱ्यात ओळखीचा असेल तर निघण्याआधीच करून घ्या. बिननावाची, चेपलेली, हंडे-घागरी मोडीत द्यायच्या तर वजन समोर करून घ्या आणि दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. घाईत निघालेल्या घराचा भाव दुकानदाराला लगेच कळतो. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीतही विचारता येईल.

बरोबर एक गोष्ट पाळा. "मुलाला पुढे लागेल" म्हणून काहीही नेऊ नका. मुलाला, लेकीला फोटो पाठवा, हवं ते कळवायला पंधरा दिवसांची मुदत द्या. जे हवं म्हणतील ते त्यांनी आपल्या घरी न्यायचं. "आत्ता तुझ्याकडेच राहू दे" हे चालणार नाही. मुलगा "सगळं टाका" म्हणतो त्याचा राग मानू नका, पण ते ऐकूही नका. त्याच्या डोळ्यांसमोर तुमची दमछाक आहे. त्याला एक खरं काम द्या : फोटोंचे अल्बम स्कॅन करून घेण्याची जबाबदारी त्याची. सुट्टीला येईल तेव्हा तुमच्याशेजारी बसून कोण कुणाचं ते लिहून घ्यायचं.

गौरींचा प्रश्न तुम्ही जागेचा म्हणून मांडलात. मला तो तसा वाटत नाही. दोन गौरी आणि त्यांच्यापुढची आरास पाच बाय तीन फुटांत होते. अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मुळावर विसर्जन, हा सोहळा दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये सहज मावतो. मावत नाहीत ती तीस पानं, आणि ती वाढणारी तुमची पाठ. कुळाचार आणि जेवणावळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षानुवर्षं एकत्र चालत आल्यानं त्या एकच वाटतात. जावांना आता मोकळेपणी विचारा. एक वर्ष तुमच्याकडे, एक वर्ष कऱ्हाडला, असं आळीपाळीनं करायची त्यांची तयारी असेल. किंवा गौरी तुमच्याकडेच, पूजेला सगळे, आणि पंगत सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा दोन पाळ्यांत, स्वयंपाक बाहेरून सांगून. सोळा भाज्या आणि पुरणपोळी तुमच्याच हातची हवी, असं म्हणणाऱ्यांनी आदल्या दिवशी भाज्या निवडायला यायचं. हे कठोर वाटेल, पण ६१ व्या वर्षी हे म्हणण्याचा तुम्हाला अधिकार आहे. मुखवटे आणि अडण्यांची पेटी मात्र टेम्पोत न घालता तुमच्याबरोबर गाडीतून न्या.

माळ्यांबद्दल सरांना माझा निरोप द्या : स्वयंपाकघरावर एक माळा पुरे. वर्षातून एकदा लागणाऱ्या आणि वजनाला हलक्या वस्तूच तिथे ठेवायच्या, आणि त्या काढायला लेक-जावई येतील तेव्हाच. स्टुलावर चढून पितळी पातेलं उतरवताना तोल गेला तर त्या माळ्याची किंमत फार मोठी पडेल. झोपाळ्याचा निर्णय मी तरी लगेच घेणार नाही. पुढे-मागे झोका जायला लागणारी जागा धरली तर तो अर्धा हॉल खाईल, आणि स्लॅबला कड्या बसवायच्या तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय भोक पाडू नये. पण फळी जरूर न्या. खाली चार पाय लावले की खिडकीशी बसायला बाक होतो. तुमच्या वर्णनावरून ती फळी तीन पिढ्यांनी बसून गुळगुळीत केलेली आहे. ती मोडीत गेली तर मलाच वाईट वाटेल.

सुताराला लगेच बोलावू नका. भिंतीभर फर्निचर करून घेतलं की घर आणखी लहान होतं आणि पुढची पंधरा वर्षं ते हलत नाही. बाहेरच्या भिंतींना पहिल्या पावसात ओल येते का ते बघा. तोवर कपाटं भिंतीपासून चार बोटं सुटी ठेवा. गळती, भेगा, कामातले दोष ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवले तर रेरा कायद्यानुसार ते विनामूल्य दुरुस्त करून देणं बिल्डरला बंधनकारक आहे. लेखी कळवा, फोटो ठेवा.

बाकीचं पटकन सांगते. पुस्तकं लहान खोक्यांत भरा, मोठं खोकं उचलताना बूड फाटतं. खोक्यावर "स्वयंपाकघर" एवढंच लिहून भागत नाही. आत काय आहे त्यातल्या चार वस्तूंची नावं लिहा. पहिल्या रात्रीचं खोकं वेगळं : औषधं, चहा-साखर, पातेलं, दोन चादरी, टॉर्च, टॉवेल. पावसाचे दिवस असतील तर टेम्पोला ताडपत्री आहे ना ते आदल्या दिवशी डोळ्यांनी बघा. खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, पेन्शनचे कागद, दागिने हे सगळं एका पिशवीत आणि ती पिशवी तुमच्या मांडीवर. महावितरणचं मीटर, घरपट्टी, सोसायटीचं सभासदत्व आणि भाग-दाखला (शेअर सर्टिफिकेट) तुमच्या नावावर झाले का हे महिन्याभरात तपासा. तुमच्या म्हणजे दोघांच्या; तुमचं नाव करारनाम्यात आहे ना, हे पत्रात कुठे आलं नाही म्हणून मुद्दाम विचारते. आणि जुन्या घराच्या विक्रीवरच्या भांडवली नफ्याच्या करासाठी रिटर्न भरायच्या आधी चार्टर्ड अकाउंटंटला भेटा. विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत घेतलेल्या घरासाठी सवलत असते, पण कागद वेळेवर लागतात.

अशाच पेचात असलेली तरुण जोडपीही मला लिहितात. भाड्याच्या टू बीएचकेमधून ठाण्याला, पनवेलला स्वतःच्या वन बीएचकेमध्ये जाणारी. त्यांच्याकडे घंगाळ नसतं, पण हप्त्यावर घेतलेला सात फुटी सोफा असतो आणि "पाहुणे आले तर?" ही काळजी असते. त्यांनाही हेच सांगेन : खडूनं जमिनीवर आखून बघा, आधी थोडक्या सामानात राहा. वर्षातून चार दिवस येणाऱ्या पाहुण्यांसाठी मुलाच्या अभ्यासाची जागा देऊ नका. पाहुण्यांना गादी घालता येते.

ताई, अंगणात घर आखून झालं की संध्याकाळी चहाचे दोन कप घेऊन त्या फक्कीच्या हॉलमध्ये जाऊन बसा. सर भिंतीच्या बाजूला, तुम्ही खिडकीच्या. आणि मला कागदाच्या कडेला लिहिलेली ती ओळ त्यांना तिथे सांगा. सदतीस वर्षांत त्यांनी ती ओळखली नसेल असं मला वाटत नाही, पण तुमच्या तोंडून ती त्यांना ऐकू द्या. मग ते काय म्हणाले ते तुमच्यापाशीच राहू दे. गौरी कुठल्या भिंतीशी उभ्या केल्यात, तेवढं मात्र मला भाद्रपदात कळवा.